तेवीस कोटींच्या वरचा एक

माझ्या वडिलांना नुसतं बघता येत नसे, ते मोजत. बोदलकसा तलावाच्या पाळीवर बसलेले बगळे, लग्नातल्या पंगतीची पानं, डॉक्टरच्या दवाखान्यातल्या छताचे पंखे, सगळं. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरसर फिरायचा आणि कुणी न विचारताच उत्तर यायचं, "दोन कोडी अन् तीन." कोडी म्हणजे वीस. चौथी पास माणूस, पण विसाच्या हिशोबात त्यांना हरवणारा तिरोड्याच्या पंचक्रोशीत नव्हता. लहानपणी मला या सवयीची लाज वाटायची आणि पुढे मी गणिताचीच मास्तरीण झाले.

दर उन्हाळ्यात ते तेंदूपत्त्याच्या फडीवर मुन्शी असत. फडी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान, जिथे लोक जंगलातून तोडलेली पानं आणून देतात. सत्तर पानांचा एक पुडा घरूनच बांधून आणायचा. फडीवर वीस पुड्यांची एक ओळ, अशा पाच ओळी, म्हणजे शेकडा. वडील शेकडे मोजत आणि वहीत मांडत. हे काम त्यांनी किती वर्षं केलं ते मला नक्की सांगता येणार नाही. मला कळायला लागल्यापासून मे महिना म्हणजे बाबा फडीवर, एवढंच आठवतं.

गेल्या मे महिन्यात तिथे नवा सुपरवायझर आला. त्याचा शेकड्यांवर विश्वास नव्हता. त्याने चार माणसं लावून सगळे पुडे एकेक करून मोजून घेतले आणि मला व्हॉट्सॲपवर लिहिलं, "मॅडम, गिनती में ३९०८७ निकला. काका का हिसाब मिल नहीं रहा, करीब चार सौ का फरक है. उमर हो गई है, अगले साल काका को आराम करने दीजिए." चोरीचा आळ नव्हता, उद्धट शब्द नव्हता. उलट त्याने फार आदराने लिहिलं होतं, आणि तेच जास्त लागलं. मी "ठीक है" असं उत्तर पाठवलं. बाबांचा आकडा काय होता हे विचारायचंही मला सुचलं नाही, कारण सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं चुकणं मी मनातल्या मनात केव्हाच मान्य करून बसले होते.

त्या दिवसापासून बाबांनी मोजणं सोडलं. महिनाभराने आईचा फोन आला. ती म्हणाली, "काहीच बोलत नाई वं. काल आंगनात पोपटाचा थवा बसला, मी मुद्दाम इचारलं किती हायेत, तं म्हणे असतील." तो "असतील" ऐकून मी हादरले. भावाच्या हवाली शेती करून दोघांना मुर्रीला माझ्या घरी आणलं आणि बाबांना गोंदियात डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर भला होता. त्याने तारीख विचारली, वार विचारला, मग म्हणाला, "बाबाजी, सौ में से सात घटाते जाइए." बाबांनी "त्र्याण्णव" म्हटलं आणि थांबले. डॉक्टर वाट बघत राहिला. मी बाबांच्या अंगठ्याकडे बघत होते, तो पेरावर टेकलेला होता पण हलत नव्हता. शेवटी ते म्हणाले, "राहू द्या साहेब." डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की डोक्याला काम देत राहा, शब्दकोडी, पत्ते, काहीही. शंभरातून सात जाणं ज्यांना झोपेतही जमलं असतं ते तिथे अडकले, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे माझ्या मनात शंका अशी उरलीच नाही.

तेवीस कोटींची ती संख्या घरात आली ती दिवाळीनंतर, शाळेच्या पिशवीतून. सातवीला लसावि शिकवताना मी फळ्यावर प्रश्न टाकला होता, एकपासून वीसपर्यंत प्रत्येकाने नि:शेष भाग जाईल अशी लहानात लहान संख्या कोणती. पोरींनी एकापासून विसापर्यंत सगळ्यांचा गुणाकार सुरू केला आणि एकोणीस आकड्यांच्या जंगलात हरवल्या. खरं तर इतकं लागत नाही. दोन घेतले, तीन घेतले की सहा फुकट मिळतो. चारासाठी आणखी एक दोन पुरतो. दहा, बारा, चौदा, पंधरा, अठरा, वीस, सगळे आधीच्यांच्या जिवावर आत येतात. असं काटकसरीने बांधत गेलं की हाती येते २३,२७,९२,५६०. तेवीस कोटी सत्तावीस लाख ब्याण्णव हजार पाचशे साठ. याच्याहून लहान एकही संख्या हे काम करू शकत नाही.

संध्याकाळी चहा घेताना मी हे बोलून गेले. बाबांशी नव्हे, आईशी. "या संख्येइतके पुडे असले ना आई, तर दोन घरांत वाटा, सात घरांत वाटा, तेरा, सतरा, एकोणीस, वीस, कितीही घरांत वाटा. एकही पुडा उरत नाही." आई म्हणाली, "एवढे पुडे बांधन कोण?" बाबा खाली बघत होते. मान वर न करताच ते म्हणाले, "अन् एकवीस घरं असले तं?"

मी हिशोब केला. एकवीस म्हणजे तीन साते, दोन्ही आत आहेत. जातो भाग. बावीस? दोन आणि अकरा, तोही जातो. मागितलं होतं विसापर्यंत आणि संख्येने बावीसपर्यंत दिलं. हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. तेविसाला मात्र गाडी अडते, पंधरा उरतात. "म्हंजे बावीस घरापर्यंत भांडण नाई," बाबा म्हणाले. सहा महिन्यांत त्यांनी स्वत:हून उच्चारलेला तो पहिला आकडा होता आणि मी कप खाली ठेवायचं विसरले.

नंतरचे काही दिवस आमच्या घरात ही एकच संख्या नांदत होती. तिला नि:शेष भागणाऱ्या संख्या नऊशे साठ भरतात, हे मी सांगितल्यावर बाबांनी दोनदा विचारून खात्री केली. तितके दाणे धानाचे असले तर एका लहान ट्रकात मावतील, हा अंदाज त्यांचा. पण सगळ्यात जास्त गुंगवलं ते मासेमारांच्या गोष्टीने. समजा, बोदलकसाच्या पाळीवर वीस जण येतात. पहिला रोज येतो, दुसरा दर दोन दिवसांनी, तिसरा दर तीन दिवसांनी, असं करत विसावा दर वीस दिवसांनी. आज योगायोगाने विसाच्या वीस जण पाळीवर आहेत. पुन्हा सगळे एकत्र कधी भेटतील? बरोबर इतक्याच दिवसांनी, म्हणजे सहा लाख सदतीस हजार वर्षं उलटल्यावर. वीस माणसं, त्यांच्या साध्या खेपा, आणि त्यांच्या दोन भेटींमध्ये एवढा काळ. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा पोरी हसल्या. बाबा हसले नाहीत. ते उठून अंगणात गेले आणि कितीतरी वेळ उभे राहिले. मी खिडकीतून पाहत होते आणि माझ्याही अंगावर काटा आला होता.

मग मी एक चूक केली, आणि ती मास्तरकीच्या तोऱ्यात केली. मी म्हटलं, "बाबा, यात गंमत आणखी आहे. या तेवीस कोटींच्या संख्येवर एक ठेवा. आता कुणालाच वाटता येणार नाही. विसाच्या ओळी लावा, सतराच्या लावा, प्रत्येक वेळी वरचा एक शिल्लक. सगळ्यांत मिळून मिसळून राहणारी संख्या एका पुड्याने एकलकोंडी होते." आणि पुढे जाऊन ठोकून दिलं, "नेहमी असंच होतं. तीनपर्यंत, चारपर्यंत, सातपर्यंत, कितीपर्यंतही भागणारी अशी संख्या घ्या. सहा आणि एक सात, बारा आणि एक तेरा, साठावर एकसष्ट, चारशे वीसवर चारशे एकवीस. कुणी भागत नाही."

"नेहमी" हा शब्द गणितात जपून वापरावा, हे मीच पोरींना सांगते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अंगणभर चिंचोके. आईने भाजून खायला ठेवलेला अख्खा डबा बाबांनी रिकामा केला होता आणि आई ओट्यावर बसून मलाच रागावत होती. आठापर्यंतच्या सगळ्यांना भागणारी संख्या ८४०. तिच्यावर एक, ८४१. बाबांनी तिच्या ओळी लावल्या होत्या. एकोणतीस ओळी, प्रत्येकीत एकोणतीस चिंचोके. चारही बाजू सारख्या, कोपरे काटकोनात, एकही दाणा कमी-जास्त नाही. ते भिंतीला टेकून बसले होते. "तू त म्हणे कोणी भागत नाई," ते म्हणाले.

मी चप्पल काढायची थांबले. हरल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. "कसं सापडलं?" मी विचारलं. मग त्यांनी मला फडीची रीत सांगितली, जी मी त्यांची मुलगी असूनही मला ठाऊक नव्हती. शेकडा लावून झाला की त्यावर एक पुडा आडवा ठेवायचा. त्याला वरचा म्हणतात. तो जंगलाचा. तो मोजायचा नाही, वहीत मांडायचा नाही, त्याचा आकडा तोंडाने काढायचा नाही. पण खालच्या ओळीत एखादा पुडा फाटका निघाला, एकाने ओळ अपुरी पडली, तर वरचा खाली उतरतो आणि ओळ भरतो. चिंचोक्यांचंही त्यांनी तसंच केलं होतं. एक बाजूला ठेवला, बाकीच्या आठशे चाळीसच्या ओळी लावत गेले. तेविसाच्या लावल्या, नाही जमल्या. एकोणतीसच्या लावल्या तर शेवटच्या ओळीत फक्त एक कमी. "मंग वरचा उतरवला," ते म्हणाले. मी ते ऐकलं, मान हलवली आणि चिंचोक्यांचा तो चौकोन बघण्यातच गुंग राहिले. ऐकूनही न ऐकण्याची कला मास्तरांना चांगली जमते.

त्या संध्याकाळी मला वाटलं, डॉक्टर म्हणाला तसं डोक्याला काम मिळालं. ते आता तुटू द्यायचं नाही. मी म्हटलं, "मग मोठ्या संख्येचं बघा. तेवीस कोटी सत्तावीस लाख ब्याण्णव हजार पाचशे साठ, अन् वर एक. याला कुणी भागतं का?" उत्तर मला माहीत होतं. शाळेच्या संगणकाने ते डोळ्याचं पातं लवायच्या आत दिलं होतं. कुणी भागत नाही, ती मूळ संख्या आहे. हे मी बाबांना सांगितलं नाही. मी त्यांना प्रश्न दिला नव्हता, औषध दिलं होतं, आणि औषधाचं नाव रोग्याला सांगायचं कशाला असा माझा हिशोब होता.

मूळ संख्यांची यादी मी छापून आणली. कुठपर्यंत जायचं हे बाबांनीच ताडलं. ओळी आणि ओळीतले पुडे यांचा गुणाकार इतका मोठा, तर दोन्हींपैकी लहान बाजू पंधरा हजार दोनशे सत्तावन्नच्या पुढे जाऊच शकत नाही, कारण पंधरा हजार दोनशे अठ्ठावन्नला त्यानेच गुणलं तर संख्या ओलांडली जाते. म्हणजे तेवीसपासून तिथपर्यंतच्या सतराशेहून जास्त मूळ संख्या, आणि प्रत्येकीचा एक हाताने केलेला भागाकार. मी म्हटलं, थोडे करून सोडून द्या. त्यांनी नवी वही मागितली.

दुसऱ्या दिवशी मी वही उघडून पहिली ओळ तपासली. तेविसाने भाग, बाकी पंधरा. मी मोबाइलवर करून पाहिलं. बाकी सोळा येत होती. पुन्हा केलं, सोळाच. इतका साधा, पहिलाच भागाकार चुकला होता. मी वही मिटली, होती तिथे ठेवली आणि पुढची ओळ तपासायची हिंमत मला त्यानंतर पाच महिने झाली नाही. चिंचोक्यांचं कसं जमलं होतं याचंही उत्तर मी स्वत:ला देऊन टाकलं, हाताने लावता येत होतं म्हणून जमलं, कागदावर जमत नाही.

बाबा रोज सकाळी आंघोळ करून बसत, दहा-बारा भागाकार करत. बिरसी विमानतळावरच्या शिकाऊ विमानांच्या घिरट्या घरावरून चालत, त्यांचं लक्ष नसे. थंडी आली आणि गेली. वह्या भरत गेल्या. आई पाणी आणून ठेवताना म्हणायची, "भाजीत मीठ कमी का जास्त ते सांगता येत नाई अन् कोटीचे भागाकार करून राहिले." मी विचारायचे, "मिळाला का कुणी?" ते म्हणत, "अजून नाई. सगळेच काहीतरी ठेवून जातात." त्यांच्या तोंडून आकडे पुन्हा ऐकू येऊ लागले होते, हळूहळू, आधी वहीतले आणि मग झाडावरच्या पक्ष्यांचे. ते ऐकून मला बरं वाटायचं आणि लगेच ती सोळा आठवायची.

एप्रिलच्या मध्यावर, एका रविवारी दुपारी, त्यांनी शेवटची वही मिटली. यादीतली शेवटची संख्या झाली होती. "कोणीच नाई," ते म्हणाले. चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हता. देवळातून बाहेर आलेल्या माणसासारखे ते शांत होते. "एवढा मोठा ढीग, अन् दोन सारख्या ओळी बी लागत नाई त्याच्या. कोणी ठरवलं असंन असं?"

वरच्या एकाच पुड्याने हे केलेलं असतं. तो नसता तर नऊशे साठ वाटा होत्या.

ते आडवे झाल्यावर मी वह्या घेतल्या. आता तपासायलाच हवं होतं. जे काही आहे ते एकदा कळू दे, असं मनाशी म्हणून मी मोबाइल घेऊन बसले. तेवीस: त्यांची बाकी पंधरा, माझी सोळा. एकोणतीस: त्यांची एकोणीस, माझी वीस. एकतीस: त्यांची तेरा, माझी चौदा. सदतीस: त्यांची तीस, माझी एकतीस. मी थांबले. मग मधली एक वही उचलली, कुठलंही पान उघडलं. तिथेही एकच कमी. शेवटच्या वहीत, एकच कमी. सतराशे भागाकारांत माणूस चुकला तर कसाही चुकेल. दरवेळी बरोबर एकानेच कसा चुकेल?

ते उठल्यावर मी विचारलं, "बाबा, तुम्ही भागलं कोणत्या संख्येला?"

"तू देल्ली त्याले."

"वरच्या एकासकट?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी पहिलीत नापास झाले होते. "वरचा मोजते का कोणी? वरचा बाजूले ठेवला. प्रत्येक बाकी पाहून राहिलो होतो, का कुठं एकानं ओळ कमी पडते का. पडली असती तं वरचा उतरवला असता. चिंचोक्याले नव्हता का उतरवला?"

मी वही पुन्हा उघडली. तेविसाने पंधरा उरतात, ओळ भरायला आठ हवेत. एकोणतीसने एकोणीस, दहा हवेत. सतराशेहून जास्त ठिकाणी कुठे दोन हवे होते, कुठे हजार, पण फक्त एकाची वाट बघणारी ओळ कुठेच नव्हती. हाच त्या संख्येच्या मूळ असण्याचा पुरावा होता, आणि मी तपासले तेवढे सगळे भागाकार बरोबर होते. चूक मी शोधत होते ती त्यांच्यात नव्हतीच. त्यांनी पाच महिने, एकट्याने, पेनाने, संगणकाचंच काम केलं होतं आणि मी पहिल्या ओळीवर वही मिटून त्यांना वेडं ठरवलं होतं.

"वरचा मोजते का कोणी." हे वाक्य डोक्यात फिरत असतानाच मला दुसरं काहीतरी आठवलं. मी मोबाइलमधला तो मेचा मेसेज शोधला. ३९०८७. चार माणसं लावून एकेक पुडा मोजलेला. त्या माणसांना कुणी सांगितलं असेल का, वरचा मोजायचा नाही म्हणून?

मी तो आकडा कागदावर लिहिला, खाली शंभर आणि वरचा एक, असे १०१ लिहिले आणि कागद बाबांपुढे ठेवला. "याला याने भागा."

त्यांनी भागलं. तीनशे सत्त्याऐंशी, बाकी शून्य. पाच महिन्यांत त्यांच्या हातून आलेली ती पहिली शून्य बाकी होती. ते शून्याकडे बघत राहिले. मग उठले, पेटीतून फडीची खिशातली डायरी काढली आणि गेल्या मेचं शेवटचं पान उघडलं. त्यांच्या अक्षरात होतं, एकूण शेकडे ३८७.

"वरचे मोजले त्यायनं," ते अगदी हळू म्हणाले.

आई दारात उभी होती. "म्हंजे तुमचा बरोबर होता?"

"त्याचा बी बरोबर होता. त्यानं पुडे मोजले, मी शेकडे मोजले." त्यांनी डायरी मिटली नाही. "माहा बी बरोबर होता."

मला संताप आला होता, त्या सुपरवायझरचा, आणि त्याच्याहून जास्त स्वत:चा. गणिताची मास्तरीण मी, आणि एकशे एकने भाग जाणारा आकडा अकरा महिने माझ्याच मोबाइलमध्ये पडून होता. मी म्हटलं, "मी आत्ता फोन लावते त्याला." बाबांनी हाताने थांबवलं. "लाव मंग. आधी बस."

मी बसले.

"खरं सांग बाई. तुले वाटलं होतं ना, का माहं डोस्कं सरलं म्हणून?"

खोटं बोलता आलं असतं. आईकडे पाहून विषय बदलता आला असता. "हो बाबा," मी म्हटलं. "पहिल्याच भागाकाराला वाटलं. म्हणून पुढचे तपासले नाहीत."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. "मले बी वाटलं होतं," ते म्हणाले. "तो म्हणे चारशेचा फरक, तवापासून. डागदरापुढं म्हणून त गप बसलो. त्र्याण्णवनंतर काय येते ते मालूम होतं, पण चुकलो असतो तं तू पाहून राहिली होती. अन् हे भागाकार कायले केले म्हणतं? रोज सकाळी उठून पाहो, का अजून येते का नाई. ज्या दिवशी येनार नाई, त्या दिवशी तुले मालूम पडू द्याचं नव्हतं."

आई आत गेली आणि तिने चहा ठेवला. मी वह्या आवरू लागले तर त्यांनी माझ्या हातातून त्या घेतल्या, स्वत:च एकावर एक रचल्या आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर, लहान मुलासारखे, मोठ्याने रडले.